हॅकिंगच्या कथेत काहीही चालतं म्हणणाऱ्यांना, दारव्ह्याकडून

दारव्हा रोड

परवा इथे बडनेरा लोकलवाल्यांनी लिहिलं की हॅकिंगच्या मराठी कथेला खरं तंत्र लागत नाही. वाचकाला थरार हवा, हॅकरने दोन मिनिटांत बँक फोडली तर फोडली, खेड्यातल्या वाचकाला सर्व्हर काय अन् राऊटर काय, सगळं सारखंच. वरून हेही लिहिलं की आपल्या खेड्यात असली कथा घडणारच कशी, तिथे तर लाईनच नसते.

दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही, कारण तो खेड्यातला वाचक मीच आहे. बारा वर्षांपासून तालुक्यातल्या पतसंस्था, जिनिंग, दवाखाने, शाळा यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क मी पाहतो.

दोन मिनिटांत पासवर्ड फोडणारा तो हॅकर आधी घरी पाठवा. चार आकडी पिनच्या जोड्या दहाच हजार, पण तीनदा चुकलं की एटीएम कार्ड अडवतं. पासवर्ड खरोखर फोडायचे तर आधी त्यांची फाईल चोरून न्यावी लागते, मग स्वतःच्या मशीनवर दिवसेंदिवस घासावं लागतं. एवढी मेहनत फार थोडे करतात. बाकीचे पासवर्ड गोड बोलून मागून घेतात, नाहीतर आपण कधी बदललेलाच नसतो म्हणून तसाच वापरतात. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याजवळ कंपनीने घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती. आजही एखाद्या कृषी केंद्राचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, मी ॲडमिन-ॲडमिन टाकून उघडतो, आणि मालक माझ्याकडे जादूगारासारखं पाहतो.

आणि खऱ्यात थरार नसतो हे कोणी सांगितलं? फेब्रुवारी २०१६, बांगलादेशची मध्यवर्ती बँक. चोरांनी गुरुवारची रात्र निवडली. शुक्रवार-शनिवार ढाक्याला सुटी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला, जिथे बँकेचे पैसे ठेवलेले, आणि सोमवारी मनिलाला, जिथे ते वळवले, चिनी नववर्षाची. व्यवहाराचे कागद छापणारा प्रिंटर आधीच बंद पाडलेला, म्हणजे सकाळी येणाऱ्याला वाटावं प्रिंटरच बिघडला. ८ कोटी १० लाख डॉलर गेले. किंवा आपल्या पुण्याची कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते, कारण ‘द्यायचे का?’ हा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता. मध्ये बसवलेला खोटा स्विच प्रत्येकाला ‘द्या’ म्हणत होता. स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या जाळ्यातून, गेलेले धरून ९४ कोटी. याहून मोठा थरार कोणी रचून दाखवावा.

मी स्वतः एक कथा लिहिली होती. तालुक्यातली पतसंस्था, हिशेबाचं सॉफ्टवेअर बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर. सॉफ्टवेअरवाल्या पोराला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क हा प्रोग्राम कायम चालू, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. चोर तिथून एकदाच आत येतो, मॅनेजरचा आयडी-पासवर्ड उचलतो आणि तीन आठवडे काहीच करत नाही, फक्त वाचत बसतो. तो सापडतो कसा? लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आत आलं त्या नोंदीत, मॅनेजरच्या आयडीने रात्री २:४० ला लॉगिन दिसतं. त्या रात्री भारनियमन होतं, ११ ते ४ अख्ख्या गावात लाईन नव्हती. कॉम्प्युटर बंद, राऊटर बंद, मॅनेजर अंगणात खाटेवर. मग आयडी वापरला कोणी? ज्या लाईनीवरून आम्हाला हिणवता, त्याच लाईनीने माझा चोर पकडून दिला. एका दिवाळी अंकाने ‘थरार कमी पडतो’ म्हणून कथा परत पाठवली.

खोट्या कथांमुळे माणसं भलत्याच गोष्टीला भितात. काळं जॅकेट घातलेल्या पोराला भितात, आणि आमच्याकडे चोरी होते अंगठ्याच्या मशीनवर, जिथे आधारवर बोट ठेवून खात्यातले पैसे काढतात. ‘नाही लागला आजी, पुन्हा ठेवा’, आणि दुसऱ्यांदा पैसे निघतात.

बडनेरा लोकल

माझ्या चार ओळींना एवढं लांब उत्तर! वीस वर्षं रहस्यकथा लिहितो म्हणून अनुभवाने सांगतो. तुमचा प्रिंटर, तुमचा स्विच, तुमचा लॉग समजावून देईपर्यंत वाचक पंख्याखाली घोरायला लागलेला असतो. खुनाच्या कथेत कोणी शवविच्छेदनाचा अहवाल जोडत नाही. आणि पद्धत बरोब्बर लिहिली अन् ती वाचून एखाद्या पोराने करून पाहिली, तर ठाण्यात जबाब द्यायला कोण जाणार, तुम्ही की संपादक?

मास्तरीण, मेहकर

तंत्रावर मी बोलत नाही, माझी तक्रार निराळी आहे. या कथांमध्ये हॅकर कायम पुण्याचा, शुद्ध बोलणारा. आणि फसणारा कोण? आमचा वऱ्हाडी माणूस, ‘काऊन बाप्पा’ म्हणत हसं करून घ्यायला. माझ्या आठवीतल्या एका मुलीने मागच्या सोमवारी मला सांगितलं, “मॅडम, आयपी भेटून नाई रायला, डीएचसीपी बंद करून ठेवलं कोन्तरी.” कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, वाटणारी ती सोय तिने सुरू करून दिली. ही मुलगी मला कथेत पाहिजे, हेच बोलत. बडनेरा, तुमच्या दोन कथा वाचल्या आहेत, दोन्हींत वऱ्हाडी बोलणारा फक्त चहावाला आहे.

बडनेरा लोकल

बोलीचा वाद इथे ओढू नका. चहावाला वऱ्हाडी बोलतो कारण तो बडनेऱ्याच्या स्टेशनवर चहा विकतो.

केंद्रचालक, आर्णी

दारव्हा रोड, ‘चोरी होते अंगठ्याच्या मशीनवर’ हे वाक्य पहिले मागं घ्या. नऊ वर्सं झाले मी सेवा केंद्र चालवून रायलो. कापूस वेचायच्या दिवसांत बाया येतात, बोंडानं बोटाचे शेंडे चिरलेले, ठसा घासून गेलेला. ओल्या फडक्यानं पुसतो, तरी नाही लागला तर दुसरं बोट, तेही नाही तर तिसरं. मंग ‘पुन्हा ठेवा’ नाही म्हनाव तर काय म्हनाव? २०१७ च्या कर्जमाफीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लाइनी होत्या माह्या दुकानासमोर, तवा कोनी नाही विचारलं का बावा तू जेवला का.

आन् दुसरं. खात्यातून पैसे कटतात पन मशीनवर उत्तरच येत नाही, मधातच नेट जाते. मी पैसे देऊ शकत नाही, मले तर व्यवहार झाला असं दिसतच नाही. म्हातारी चार लोकांसमोर चोर म्हनते. २०१९ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम हाय का पाच दिवसांत पैसे परत टाका, नाही तं दिवसाचे १०० रुपये भरपाई. हे लिहा न कथेत. सारे केंद्रचालक चोर हायत हे लिहू नका.

संत्रेवाला, वरुड

केंद्रचालक भाऊ, तुमचं ऐकून घेतलं, आता माहं ऐका. माह्या मायचे श्रावणबाळचे पैसे. ती दर महिन्याले काढत नाही, दिवाळीसाठी जमा करते. गावातल्या एका मशीनवाल्याकडं गेली, हजार काढले, तीनदा बोट ठेवाले लावलं. घरी आली हजार घेऊन. बँकेतलं पासबुकाचं मशीन बंद, चार महिन्यांनी छापून भेटलं, तवा दिसलं का त्याच दिवशी तीनदा निघाले. बँकेत गेलो तं साहेब म्हनते, “अंगठा तुमच्याच आईचा आहे.” अंगठा तिचाच हाय, मी कुठं नाही म्हनतो?

केंद्रचालक, आर्णी

वाईट झालं. पन पावती मागतली होती का?

संत्रेवाला, वरुड

सत्तर वर्साची बाई हाय, वाचता येत नाही तिले. पावती तिनं मागाची का त्यानं द्याची? तुमी आता बँकेतल्या साहेबासारखंच बोलून रायले.

पतसंस्था लिपिक, दिग्रस

दोघेही जरा थांबा. अनधिकृत व्यवहारांबद्दल २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. चूक बँकेची नाही, ग्राहकाची नाही, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा तो त्यासाठीच. शिवाय रजिस्ट्रीच्या कागदांवरून ठसे उचलून नकली बोट बनवायचे प्रकार झाले, त्यानंतर फेब्रुवारी २०२३ पासून आधारवाले ठशाच्या रेषांबरोबर बोट जिवंत आहे का तेही तपासतात. आणि आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा वगैरे, लॉक करता येतं, मोबाईलवरून.

संत्रेवाला, वरुड

चार महिन्यांनी कळलं त्याले तीन दिवस कुठून आनू? आन् त्या वेळी बोट जिवंतच होतं, माह्या मायचंच होतं. तपासून काय भेटनार?

मास्तरीण, मेहकर

लॉकचं मी सासूबाईंच्या बाबतीत करून पाहिलं. लॉक केलं की रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. उघडायला ओटीपी लागतो, आणि आधारला जोडलेला नंबर दिराचा, ते नागपूरला कामाला. ड्युटीवर असले की फोन उचलत नाहीत. सासूबाई रेशन दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन दीड तास बसल्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही लॉक काढूनच टाकलं.

बडनेरा लोकल

हा धागा कथांचा होता, आता बँकेची तक्रार खिडकी झाला आहे. तरी एक लिहून ठेवतो, नंतर लपवलं असं नको. पायरीवर बसलेली ती म्हातारी, धान्य समोर, आणि तिची किल्ली नागपूरला कोणाच्या तरी खिशात वाजते आहे, हे मला सुचलं नसतं. हे मी कथेत घेईन. पण तुमचे रेषा, लॉक आणि ओटीपी त्यात एका ओळीहून जास्त येणार नाहीत.

दारव्हा रोड

एक ओळ पुरे, फक्त ती खरी असू द्या. एवढंच तर म्हणतो आहे. आणि पोरं शिकतील या भीतीबद्दल, मी कृती लिहीतच नाही. चोर कुठे चुकतो आणि ते कोणाच्या नजरेला पडतं, तेवढंच लिहितो. चोरांना शिकायला माझ्या कथेची वाट पाहावी लागत नाही.

आर्णीच्या भाऊंनी दुखवून घेतलं. सगळे केंद्रचालक असं मी म्हटलं नव्हतं, पण वाक्य तसं वाचलं जातं हे मान्य आहे. ‘काही मशीनवर’ असं हवं होतं.

पतसंस्था लिपिक, दिग्रस

खेड्यात कथा घडणार कशी, याला उत्तर राहिलं. ३१ जुलै २०२४. छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला, आणि लागण पसरू नये म्हणून सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँका देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडल्या. मी त्या दिवशी कृषी केंद्रात फवारणीचं औषध घेऊन उभा होतो, दोनदा पेमेंट फेल. मागचा शेतकरी म्हणाला, “टॉवर गेला असन.” टॉवर व्यवस्थित होता. मी बाटली परत ठेवली, आणि सोयाबीनवर अळी चालूच होती. कुठल्या तरी शहरातल्या सर्व्हरवरचा घाव दिग्रसच्या काउंटरवर असा लागतो. दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

बडनेरा लोकल

ठीक आहे. ‘लाईनच नसते’ हे मी लिहायला नको होतं. बाकी माझं मत तेच आहे.

संत्रेवाला, वरुड

लाईनीवरून आठोलं. दारव्हा रोड, तुमी खऱ्या तंत्राचं एवढं सांगून रायले, मंग तुमच्या कथेतलं भारनियमन कोन्त्या गावचं हाय? रात्रीतून लाईन नसते ती शेतीपंपाच्या फीडरले. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी पाळी असते. गावठाणाचं फीडर वेगळं केलं त्याले कितीक वर्सं झाले. पतसंस्था गावठाणात हाय. तिथं रात्री ११ ते ४ ठरवून लाईन जात नाही. आन् पतसंस्थेत इन्व्हर्टर नसते का? मी रात्री तीन वाजता मोटर सुरू कराले जातो, मले विचारा लाईन कवा असते.

बडनेरा लोकल

आता बोला.

दारव्हा रोड

बोलतो. फीडरचं माझं चुकलं. कथा तपासली तेव्हा लॉगची प्रत्येक ओळ पाहिली, लाईन गृहीत धरली. सुधारतो. गावठाणातली डीपीच जळालेली दाखवतो, संध्याकाळपासून. इन्व्हर्टर दहापर्यंत टिकतो आणि शेवटी ती कर्कश शिट्टी मारून बसतो, ती ऐकूनच शिपाई कुलूप लावायला येतो. म्हणजे २:४० ला कॉम्प्युटर सुरू नव्हता याला साक्षीदारही मिळाला.

पतसंस्था लिपिक, दिग्रस

मॅनेजरने घरून मोबाईलवर लॉगिन केलं असेल तर?

दारव्हा रोड

लॉगमध्ये आयपी येतो. तो मोबाईल कंपनीचा नाही, परदेशातला भाड्याचा सर्व्हर आहे. ही ओळ कथेत आधीपासून आहे.

केंद्रचालक, आर्णी

वरुडवाले भाऊ, पावतीचं मी विचारलं ते तसं विचाराले नको होतं. मायच्या पासबुकात त्या तीन नोंदी असतीन, त्याच्यात बारा आकडी नंबर पाहा, आरआरएन म्हनते त्याले. पासबुकात नसन तं बँकेकडून स्टेटमेंट घ्या. त्या नंबरावरून बँकेले कोन्त्या मशीनवरून निघाले ते काढता येते, मशीन कोनाच्या नावावर हाय तेही. तोंडी नका विचारू, नंबर टाकून लेखी द्या आन् पोच घ्या.

संत्रेवाला, वरुड

दोन नंबर दिसून रायले, तिसऱ्यावर शाई उडाली हाय. उद्या स्टेटमेंट आनतो.

केंद्रचालक, आर्णी

आना. अर्ज मी टाइप करून देतो. मायच्या अंगठ्याखाली तुमची साक्षीदार म्हनून सही लागन.