एकाच सर्व्हरला तीन आयपी पत्ते, आणि नंतरच्या सर्व्हरना एकही नाही

प्रश्न

आमच्याकडे २४ नव्या सर्व्हरवर उबुंटू आपोआप बसवण्याचे काम चालू आहे. पीएक्सई बूट (नेटवर्कवरून यंत्र सुरू करणे), मग ऑटोइन्स्टॉल (उबुंटूची आपोआप स्थापना) आणि शेवटी अ‍ॅन्सिबल (जोडणी करून पुढची मांडणी करणारे साधन) असा क्रम आहे. पत्तेवाटप किया या डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे यंत्रांना आपोआप आयपी पत्ते देणाऱ्या सर्व्हरकडे असून १०.२०.३०.५० ते १०.२०.३०.१०९ असा ६० पत्त्यांचा पूल आहे आणि लीजची, म्हणजे दिलेला पत्ता राखून ठेवण्याची मुदत २४ तासांची आहे. पहिले २० सर्व्हर विनाअडथळा उभे राहिले. २१व्यापासून मात्र पडद्यावर पीएक्सई-ई१६, म्हणजे पत्त्याचा प्रस्तावच आला नाही, असा संदेश येऊ लागला. दुसऱ्या दिवशी उरलेले चारही सर्व्हर आम्ही काहीही न बदलता बूट झाले, त्यामुळे दोष नेमका कुठे शोधावा हेच कळेनासे झाले आहे. आणखी एक अडचण अशी की, इन्स्टॉलर चालू असताना नोंदवलेल्या पत्त्यावर अ‍ॅन्सिबल नंतर जोडणी करू पाहते, तेव्हा तिथे कोणीच नसते. पुढच्या आठवड्यात दुसरे रॅक येणार आहे, त्याआधी हे मार्गी लागणे आवश्यक आहे.

पहिले उत्तर

अशा वेळी मी सर्वप्रथम स्विचचे पोर्ट तपासतो. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (जाळ्यात रहदारी गोल फिरत राहू नये यासाठीची स्विचची व्यवस्था) पोर्टवर जोडणी आल्यानंतर रहदारी सुरू होण्यास साधारण ३० सेकंद लागतात आणि तेवढ्यात फर्मवेअरची (यंत्रातील मूळ सॉफ्टवेअरची) विनंती करून संपलेली असू शकते. सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट पाहणे टाळणारी सोय, चालू आहे का, ते पाहावे. मात्र त्याआधी डीएचसीपी सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची रहदारी टिपणारे साधन) लावून पोर्ट ६७ वर डिस्कव्हर, म्हणजे यंत्राची पत्त्यासाठीची पहिली विनंती, पोहोचतो की नाही, हे पाहिल्यास अर्धी शंका तिथेच मिटेल.

प्रश्नकर्त्याची भर

पोर्टफास्ट चालू आहे. बिघाडाच्या दिवशी टिपलेल्या रहदारीचे कॅप्चर जपून ठेवले होते. त्यात डिस्कव्हर पोहोचलेला दिसतो, पण त्यावर ऑफर, म्हणजे पत्त्याचा प्रस्ताव, निघालेली नाही. कियाच्या लॉगमध्ये त्याच वेळी पत्तावाटप अयशस्वी झाल्याची नोंद आहे.

दुसरे उत्तर

म्हणजे विनंती पोहोचते आणि पूल रिकामा असतो. लीजच्या फाइलमध्ये मॅक पत्त्याचा (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) व क्लायंट आयडीचा (यंत्राने विनंतीत सांगितलेली ओळख) असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. त्या दिवशीच्या नोंदी मॅक पत्त्यानुसार लावून पाहा. माझ्या अंदाजाने एकेका मॅकपुढे तीन लीज दिसतील, आणि २० सर्व्हरचे ६० पत्ते हा हिशोब तुमच्या पूलशी तंतोतंत जुळतो.

कारण असे आहे. १९९७ च्या आरएफसी २१३१ या डीएचसीपीच्या मानक दस्तऐवजानुसार यंत्राने क्लायंट आयडी पाठवला असेल, तर सर्व्हरने लीज त्याच ओळखीवर बांधायची असते. मॅक पत्ता तो नसतानाच वापरायचा. तुमच्या एका सर्व्हरची ही ओळख मात्र बूटच्या प्रत्येक टप्प्यात बदलते. फर्मवेअर स्वतःची ओळख पाठवते. नंतर इन्स्टॉलरमधील सिस्टमडी-नेटवर्कडी ही नेटवर्क सांभाळणारी सेवा मशीन-आयडीवरून (प्रत्येक स्थापित प्रणालीचा स्वतंत्र क्रमांक) डीयूआयडी नावाची ओळख तयार करून पाठवते, आणि स्थापित झालेल्या प्रणालीचा मशीन-आयडी वेगळा असल्यामुळे तिसरी ओळख जन्माला येते आणि तिला वेगळा पत्ता मिळतो. म्हणूनच अ‍ॅन्सिबलला जुन्या पत्त्यावर कोणी सापडत नाही. शेवटच्या दोन नोंदींतील क्लायंट आयडी ‘एफएफ’ने सुरू होतात, हे खुणेसाठी लक्षात ठेवावे. पहिल्या दोन टप्प्यांच्या लीज कोणी परत करत नाही, त्या २४ तासांनी आपोआप सुटतात. दुसऱ्या दिवशी सगळे सुरळीत झाले ते त्यामुळेच.

कियाच्या मांडणीत त्या सबनेटमध्ये (तुमचा पूल ज्या नेटवर्क-भागात आहे तिथे) मॅच-क्लायंट-आयडी हा पर्याय फॉल्स करा, म्हणजे तिन्ही टप्प्यांना मॅक पत्त्यावरून एकच लीज मिळेल. केवळ मॅकवर आरक्षण करून, म्हणजे प्रत्येक मॅकला ठरावीक पत्ता नेमून, भागेल असे समजू नये, कारण आरक्षित पत्ता आधीच्या टप्प्यातील ओळखीच्या नावावर अडकलेला असला, तर किया तो पुढच्या टप्प्याला न देता पूलमधला दुसरा पत्ता देते. शिवाय या सबनेटची मुदत तासाभरावर आणली तरी बिघडणार नाही. पूल वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. तेवढ्याने दोष फक्त लांबणीवर पडेल आणि अ‍ॅन्सिबलची अडचण तशीच राहील.

प्रश्नकर्त्याची भर

नोंदी तपासल्या. वीसही मॅकपुढे तीन-तीन लीज होत्या. पर्याय बदलून एक सर्व्हर नव्याने बसवला, तेव्हा फर्मवेअरपासून अ‍ॅन्सिबलपर्यंत एकच पत्ता टिकला. मनापासून आभार.

तिसरे उत्तर

दुसऱ्या रॅकमध्ये दोन नेटवर्क कार्डांचा बाँड करणार, म्हणजे ती एकच जोडणी म्हणून वापरणार असाल, तर एक गोष्ट आधीच तपासावी. सिस्टमडीच्या २४२ आवृत्तीपासून बाँडला कार्डाचा मॅक पत्ता मिळण्याऐवजी मशीन-आयडीवरून काढलेला नवाच मॅक मिळू शकतो, आणि मग मॅकवरून ओळख पटवण्याचा हा उपाय प्रणाली प्रथम सुरू होताच निष्फळ ठरतो. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीत) बाँडच्या नोंदीखाली पहिल्या कार्डाचा मॅक पत्ता स्पष्ट लिहावा. तसेच स्विचवर एलएसीपी (अनेक जोडण्या एकत्र बांधण्याचा नियमसंच) असल्यास, पीएक्सईच्या वेळी एकच कार्ड बोलत असताना पोर्ट बंद पडू नये यासाठी त्या पोर्टवर एलएसीपी फॉलबॅक, म्हणजे एलएसीपी न बोलणाऱ्या कार्डालाही चालू देणारी सोय, ठेवावा, अन्यथा या वेळी डिस्कव्हर सर्व्हरपर्यंत पोहोचणारच नाही.