मदत हवी आहे: ८१ वर्षांच्या वडिलांचं हार्ट फेल्युअर, पाण्याचा आणि मिठाचा हिशेब कसा ठेवता?

अण्णा आणि आई सांगली जिल्ह्यात गावी, मी पुण्यात. मार्चमध्ये अण्णा रात्री धाप लागून उठले, आडवं होताच येईना. तीन उशांना टेकून बसून रात्र काढली. पाय असे सुजलेले, की घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३० निघाला. आता लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड) दोन वेळा, शिवाय स्पायरोनोलॅक्टोन, कार्व्हेडिलॉल, डापाग्लिफ्लोझिन आणि एक व्हॅलसार्टनवाली. पाणी दिवसाला दीड लिटर, मीठ ५ ग्रॅमच्या आत, रोज सकाळी वजन.

दीड लिटरची बाटली भरून ठेवतो, ती अण्णा इमानदारीने पाळतात. वर चार कप चहा, तांब्याभर ताक, दोन वाट्या आमटी. "ते कुठं पाणी आहे?" पानात वरून मीठ घेत नाहीत, पण पापड आणि लोणच्याची फोड सुटत नाही. एकादशीला आईचं सैंधव असतंच, ते म्हणे बाधत नाही.

गेल्या आठवड्यात वजन तीन दिवसांत ६१.४ वरून ६३.६ झालं. फोनवर विचारलं की आई "बरंय" म्हणायची, आकडा सांगायचीच नाही. खोदून विचारल्यावर कळलं, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणली होती, चार दिवस चालू होती. डॉक्टरांनी आधी ती बंद केली (अंगात पाणी धरते, किडनीवरही ताण), मग फ्युरोसेमाइड तीन दिवस वाढवली. उतरलं.

चहा-आमटीचा हिशेब तुम्ही कसा धरता? शेजारच्या काकू लो-सोडियम मीठ आणा म्हणतात, आणू का? आणि रात्री चार वेळा लघवीला उठतात, एकदा चक्कर येऊन भिंतीला धरलं. त्याचं काय करू?

प्रतिसाद, चाफेकळी:
लो-सोडियम मीठ अजिबात आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि व्हॅलसार्टन चालू असताना पोटॅशियम आधीच वाढायला बघतं, ते हृदयाचे ठोके बिघडवतं. शहाळंही डॉक्टरांना विचारूनच. आणि सैंधव म्हणजे शेवटी मीठच हो, उपासाचं असलं म्हणून काय झालं.

सासूबाईंसाठी आम्ही बाटली उलटी वापरायचो. पिण्यासाठी नाही, मोजायला. चहा प्यायल्या की तेवढंच पाणी बाटलीतून झाडांना. आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं तसंच. बाटली संपली की दिवसाचं संपलं. तहान लागली तर चूळ भरायची, नाहीतर बर्फाचा लहान खडा. आवळा सुपारी नको, तिच्यात मीठ असतं.

दुसरी लघवीची गोळी संध्याकाळी देत असाल तर दुपारी देता येईल का विचारा. आम्हाला डॉक्टरांनी दोन वाजता करून दिली, रात्रीचं उठणं निम्म्यावर आलं. उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवा. चक्कर आल्याचं मात्र लगेच कळवा, बीपी उतरत असेल तर डोस बघावे लागतात.

धागाकर्ती:
खूप आभार. डॉक्टरांशी बोलले, दुसरी गोळी आता दुपारी. आईकडून रोज वजनकाट्याचा फोटो मागवते, "बरंय" बंद. बाटलीची युक्ती आजच सुरू केली, दुपारी तीनलाच रिकामी. अण्णांचं म्हणणं, बाटली गळकी आहे.