अँकीची कार्डं तोंडपाठ, पण प्रॉब्लेम सुटत नाहीत. मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

नोकरी सांभाळून गेटच्या (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरची तयारी करतेय. अभ्यासाला हमखास मिळणारा वेळ म्हणजे कंपनीच्या बसमधला, आणि हिंजवडीच्या कृपेने तो भरपूर असतो. म्हणून मोबाईलवर अँकीड्रॉइड (प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा दाखवणाऱ्या अँकीचं अँड्रॉइड ॲप) घेतलं, एक तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) उतरवला आणि रोज इमानेइतबारे रिव्ह्यू करते.

अडचण अशी की कार्डाचे पहिले दोन शब्द दिसले की उत्तर आपोआप येतं. ‘बिल्ड-हीपची टाइम कॉम्प्लेक्सिटी?’ ओ ऑफ एन, म्हणजे एन आकड्यांचं हीप नावाचं झाड रचायला लागणारा वेळ एनच्या प्रमाणात. पुढचं कार्ड. पण एन वेळा हीपिफाय (झाडातला एक आकडा खाली सरकवत जागेवर बसवणं) करूनही एन लॉग एन का होत नाही, असं कुणी विचारलं की माझी पाटी कोरी. पेपरात ६५ प्रश्न, तीन तास, मल्टिपल सिलेक्टला अर्धवट मार्क नाहीत. तिथे नुसती ओळख कामाची नाही.

दुसरं म्हणजे अल्गोरिदम कार्डावर घालायचे कसे? या डेकमध्ये रेड-ब्लॅक ट्रीच्या (नोडना लाल-काळे रंग देऊन समतोल राखणारं झाड) इन्सर्शनचा अख्खा कोड एका कार्डावर आहे. तसली कार्डं मी दर वेळी चुकते, मग अँकी त्यांना ‘लीच’ ठरवून सस्पेंड करतं. (नाव अगदी चपखल आहे, जळवाच त्या.) थिअरीला कार्डं आणि अल्गोरिदमला वही, अशी वाटणी करू का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

रिकामा_पॉइंटर:
ताई, तयार डेक आधी काढून टाका. कार्ड बनवताना डोकं खाजवावं लागतं, अर्धा अभ्यास तिथेच होतो.

बिल्ड-हीपची तीन कार्डं करा. एक: हीपमध्ये पानं (ज्यांच्या खाली काही नाही असे नोड) साधारण किती? निम्मी. दोन: पानांना हीपिफायचं काम किती? शून्य. तीन: सगळ्यात जास्त खाली उतरावं लागू शकतं असे नोड किती? एकच, रूट. ही तिन्ही डोक्यात बसली की ओ ऑफ एन पाठ करावं लागत नाही.

डायक्स्ट्राच्या (सगळ्यात जवळचा रस्ता शोधणारा अल्गोरिदम) माझ्या कार्डावर व्याख्याच नाही, चित्र आहे. अ ते ब वजन २, अ ते क ३, क ते ब उणे २. प्रश्न: एकदा पक्का केलेला नोड पुन्हा न उघडणारा डायक्स्ट्रा ब ला किती अंतर देईल, आणि खरं किती? तो २ देतो, खरं १. निगेटिव्ह एज का चालत नाही ते यात आलं. आकडे अधूनमधून बदला, नाहीतर चित्रही पाठ होतं.

लीच झालेलं कार्ड परत चालू करू नका. डिफॉल्ट सेटिंगला आठ वेळा विसरल्यावर ते लीच होतं. म्हणजे कार्ड फोडायला झालंय. रेड-ब्लॅकमध्ये ‘काका (वडील नोडचं भावंड) लाल असेल तर?’ एवढंच एक कार्ड पुरे.

वहीवाली:
माझं मत वेगळं. टीसीपीचे फ्लॅग, नॉर्मल फॉर्मच्या अटी, शेड्युलिंगच्या व्याख्या कार्डावर ठीक. पेज रिप्लेसमेंटसारखं (मेमरी भरली की कुठलं पेज बाहेर काढायचं) काही असेल तर कार्डावर फक्त प्रश्न लिहायचा आणि कागदावर सोडवायचा. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही रांग घ्या. फिफोने (आधी आलेलं पेज आधी काढायचं) तीन फ्रेमला, म्हणजे मेमरीत तीन जागा असताना, ९ फॉल्ट (हवं ते पेज मेमरीत नसणं), चार फ्रेमला १०. जागा वाढूनही फॉल्ट वाढतात ही बेलाडीची गंमत स्वतः मोजल्याशिवाय पटत नाही, आणि बसमध्ये ते होणार नाही. असे प्रश्न वेगळ्या डेकमध्ये टाका, तो घरी टेबलावरच उघडायचा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. काकाचं कार्ड आत्ताच केलं.

घरचा डेक वेगळा ठेवायचं पटलं. पण तिथे एकेका प्रश्नाला दहा मिनिटं जातात आणि रिव्ह्यू साचत जाणार. अँकीतलं डिझायर्ड रिटेन्शन (रिव्ह्यूच्या वेळी किती टक्के कार्डं आठवायला हवीत ते) डिफॉल्टला ९० टक्के आहे, फक्त त्या डेकपुरतं ८० वर आणलं तर चालेल का? कुणी करून पाहिलंय?