अकरावीला ‘लीगल स्टडीज’ घ्यावा का?

नाशिककर_आई: माझी मुलगी सीबीएसईच्या शाळेतून नुकतीच दहावी झाली असून बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जायचे, हे तिने पक्के केले आहे. तिच्या शाळेत कला शाखेला ‘लीगल स्टडीज’ हा विषय मिळतो. पण घरात काहींचे म्हणणे असे की, वाणिज्य शाखा घेऊन ठेवावी, म्हणजे मन बदलले तरी अडायला नको. हा विषय घेतल्याने प्रवेश परीक्षेत खरोखर फायदा होतो का?

कोर्टकचेरी: प्रवेशाच्या दृष्टीने विचाराल, तर जवळजवळ नाही. राज्याच्या पाच वर्षांच्या विधी सीईटीला बारावीची कोणतीही शाखा चालते (खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात), आणि क्लॅटमध्ये (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) कायद्याचे पूर्वज्ञान अपेक्षितच नसते. उलट अर्धवट ज्ञान तिथे नडते. समजा, उताऱ्यात असा काल्पनिक नियम दिला आहे की, १६ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने केलेला करार वैध मानावा. करारासाठीची १८ वर्षांची अट आणि अज्ञानाचा (१८ वर्षांखालील व्यक्तीचा) करार रद्दबातल ठरवणारा १९०३ चा मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष हा निवाडा ज्याने घोकलेला असतो, तो विद्यार्थी सवयीने ‘करार रद्दबातल’ या पर्यायावर खूण करतो. त्याचा तो गुण तर जातोच, वर पाव गुण कापला जातो. उताऱ्यात जे दिले आहे तेवढेच धरून चालायचे, हे वकिलांच्या मुलांनाही शिकवावे लागते, किंबहुना त्यांना जरा जास्तच!

तरीही मी हा विषय घ्या असेच सांगेन, मात्र कारण वेगळे आहे. संविधान, न्यायालयांची उतरंड, करार, अपकृत्ये (ज्यांची भरपाई मागता येते अशी दिवाणी गैरकृत्ये), लवाद, मानवी हक्क हे सारे दोन वर्षांत ओझरते का होईना, नजरेखालून जाते, आणि कायद्याचे वाचन आपल्याला मानवते की नाही, हे पाच वर्षांची फी भरण्याआधीच कळते. वकिली म्हणजे जोरदार भाषण, अशी समजूत करून आलेली मुले पहिल्याच सत्रात हिरमुसतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

तिसरे_सत्र: मी बारावीला हा विषय घेतला होता. ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे प्रकल्पकार्य असते. एक गोष्ट मात्र जरूर पाहावी: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे खुनाचे कलम ३०२ आता १०३ मध्ये आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले आहे, तेव्हा कोणाची जुनी टिपणे आयती मिळाली, तरी फौजदारी कायद्याच्या भागापुरती ती बाजूला ठेवावीत.

नाशिककर_आई: दोघांचेही आभार. शाळेत हा विषय राज्यशास्त्राच्या बाईच शिकवतात, असे कळले. त्याने काही बिघडते का?

कोर्टकचेरी: बिघडत नाही. त्या वर्गात निकालपत्रातला एखादा उतारा वाचून घेतात, की नुसत्या व्याख्या उतरवून देतात, एवढे बारावीच्या एखाद्या मुलीला विचारा. व्याख्याच उतरवून देत असतील, तर खुशाल वाणिज्य घ्या आणि संविधान घरी वाचा.