मदत हवी आहे: कोकणात फिरवायच्या कॅरॅव्हॅन ट्रेलरला लिथियम की लेड-ॲसिड?

सुरूबन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १४ फुटी ट्रेलर आहे, भरून वजन १२०० किलोच्या आसपास. ओढायला बीएस-६ डिझेल एसयूव्ही. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, देवगड, वेंगुर्ले असा किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास, एका ठिकाणी दोन रात्री, बहुतेक वेळा लाईटचं कनेक्शन नसलेल्या जागी. जून ते सप्टेंबर ट्रेलर शेडमध्ये उभा.

१२ व्होल्टवर चालणाऱ्या वस्तू: ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज (५० वॉट), दोन बीएलडीसी पंखे (प्रत्येकी २० वॉट), एलईडी दिवे, पाण्याचा पंप, मोबाईल आणि लॅपटॉप. शिवाय वाटपासाठी ७५० वॉटचा मिक्सर, तो १००० वॉटच्या इन्व्हर्टरवर. छपरावर ३३० वॉटचं पॅनेल बसवायचं आहे.

दुकानदार म्हणतो, घरच्या इन्व्हर्टरसारख्या १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बसवा, स्वस्तात काम होईल. दुसरा म्हणतो, १०० अँपिअर-तासाची एक लिथियम पुरे. नेमकं काय घ्यावं, आणि बॅटरीबरोबर आणखी काय बदलावं लागेल?

वायरमन_रत्नागिरी

आधी रोजचा खर्च मांडा, बॅटरीचं नंतर बघू. फ्रिज मे महिन्याच्या उकाड्यात निम्मा वेळ चालू राहतो असं धरा: ५० × १२ तास = ६०० वॉट-तास. पंखे ४० वॉट × १० तास = ४००. दिवे ७५, पंप २०, मोबाईल-लॅपटॉप १००. एकूण साधारण १२०० वॉट-तास. मिक्सर पाच मिनिटं फिरला तर जेमतेम ६५ वॉट-तास खातो, पण तेवढा वेळ बॅटरीतून ७० अँपिअरच्या आसपास ओढतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे मिक्सरचा प्रश्न वीज किती लागते हा नाही, एका दमात किती अँपिअर मिळतात हा आहे. आणि इन्व्हर्टर वाटप झाल्याबरोबर बंद करा. रिकामा चालू राहिला तरी १० वॉट खातो, दिवसाचे २४० होतात.

आता दोन दिवसांचे २४०० वॉट-तास हवेत. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली नेली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून वापरण्याजोगी ५० टक्केच धरायची. म्हणजे १२ व्होल्टला ४०० अँपिअर-तास, दुकानदार सांगतो तशा दोन नव्हे, तीन ट्युब्युलर. एकीचं वजन ॲसिडसकट ५०-६० किलो, तिघींचं दीडशेच्या वर. १२०० किलोच्या ट्रेलरवर हे परवडत नाही. लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्टची, ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते. १०० अँपिअर-तासाची एक घेतलीत तर ११५० वॉट-तास मिळतील, जेमतेम एक दिवस. त्यामुळे दुसरा दुकानदारही कमीच सांगतोय. १०० च्या दोन घ्या, दोन्ही मिळून २५ किलोच्या आत.

भावाची तुलना करताना खोक्यावरच्या आकड्याने भागू नका, वापरता येणाऱ्या वॉट-तासांनी भागा. १५० ची ट्युब्युलर तुम्हाला ९०० देते, १०० ची लिथियम ११५०.

पण खरी अडचण चार्जिंगची आहे. लेड-ॲसिड ८० टक्क्यांपर्यंत पटकन भरते, उरलेल्या २० टक्क्यांना चार-पाच तास घेते, कितीही मोठा चार्जर लावा. तुमचा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाचा प्रवास तीन तासांचा. सुरूच्या बनात ट्रेलर लावला की पॅनेलवर सावली. म्हणजे ती कधीच पूर्ण भरणार नाही. अर्धवट भरलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात, क्षमता दर महिन्याला घटते, आणि दोन मोसमांत माणूस म्हणतो ‘बॅटरी खराब निघाली’. बॅटरी खराब नसते, उपाशी असते. लिथियमला अर्धवट भरलेलं राहण्याचा त्रास नाही, उलट ते तिला मानवतं. गाडी चालू असताना तिच्या अल्टरनेटरवरून ट्रेलरची बॅटरी भरणाऱ्या ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने तीन तासांत ९० अँपिअर-तास आत जातात, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची भरपाई.

आणखी एक. घरच्या ट्युब्युलर एका जागी उभ्या राहण्यासाठी बनवलेल्या असतात. उंच आणि जड. आंबा, कुंभार्ली, करूळ यांपैकी कुठलाही घाट उतरताना ॲसिड हेंदकाळतं, झाकणाच्या बुचांतून बाहेर येतं. लेड-ॲसिडच घ्यायची असेल तर एजीएम प्रकारची सीलबंद घ्या, ट्युब्युलर नको.

माडाची_वाडी

वरचं सगळं फिरत्या ट्रेलरला लागू आहे. पण कुणी हा धागा वाचून वाडीत कायमचा उभा केलेला, पाहुण्यांना राहायला दिलेला ट्रेलर डोळ्यांसमोर आणत असेल तर उत्तर वेगळं आहे. तिथे महावितरणची लाईन आहे, बॅटरी फक्त लाईट गेल्यावर दोन-तीन तास लागते, बाकी वेळ पूर्ण भरलेली राहते. लेड-ॲसिडला नेमकं हेच हवं. तिथे बाहेर हवेशीर पेटीत ठेवलेली ट्युब्युलर चांगली चालते, दुरुस्तीला माणूस गावातच मिळतो, आणि जुनी झाली की शिसं भंगारात जातं, काही पैसे परत येतात. लिथियम मात्र सतत १०० टक्के भरून, वर उकाड्यात ठेवली तर लवकर म्हातारी होते. म्हणून ‘लिथियम नेहमीच बरी’ असं सरसकट म्हणू नये.

सुरूबन, तुमच्या वापराला मात्र लिथियमच. ॲसिडची पातळी, हायड्रोमीटर, डिस्टिल्ड वॉटर हा व्याप फिरताना सांभाळला जात नाही. आणि किनाऱ्यावर कुणी विहिरीचं पाणी बॅटरीत ओतलं तर त्यातल्या खारामुळे प्लेट गेल्याच म्हणून समजा.

खारा_वारा

बॅटरी कुठे बसवणार हे कुणी विचारलंच नाही, म्हणून लिहितो.

लेड-ॲसिड, त्यातही बुचांची, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. माणसं झोपतात त्या जागी ती ठेवायचीच असेल तर पेटी बंद हवी आणि पेटीच्या वरच्या टोकापासून नळी थेट बाहेर काढलेली हवी, कारण हायड्रोजन वर चढतो. स्वयंपाकाचा गॅस याच्या उलट, जड असतो, खाली साठतो. त्या कप्प्याला भोक तळाशी लागतं. गॅसच्या कप्प्यात बॅटरी, स्विच, फ्यूज काहीही ठेवू नका. चार्जिंग चालू असताना कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जर बंद करा, खिडक्या उघडा आणि बॅटरी हाताला गरम लागते का बघा. बहुधा एक सेल शॉर्ट झालेला असतो.

लिथियमला वायुवीजनाची नळी लागत नाही, आत बाकाखाली ठेवता येते. फक्त उन्हाच्या बाजूच्या पत्र्याला चिकटवू नका. बंद ट्रेलर उन्हात ४५-५० अंशांपर्यंत तापतो. थंडीसाठी हीटर असलेली महागडी लिथियम कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा. शून्याखाली चार्ज करता येत नाही ही मर्यादा लडाखला लागू, मालवणला नाही.

आता वायर. कोकणात बॅटरीआधी जोड खराब होतात. जुन्या ट्रेलरच्या लगपाशी (वायरच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) वायरचं कव्हर चार इंच मागे सोलून बघा. बाहेरून लग चकचकीत दिसते आणि आत तांब्याच्या तारा काळ्या, बोटाने चोळल्या तर भुकटी निघते. खारी हवा तारांमधून आत चढलेली असते. तिथे रोध वाढतो, जोड तापतो, चार्जरला वाटतं बॅटरी भरली. म्हणून कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या. तिला ‘टिन्ड कॉपर, मरीन’ म्हणतात. लगही कल्हईची तांब्याची, ॲल्युमिनियमची मुळीच नको. हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा, टर्मिनल कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून मग लग कसायची नाही, धातूला धातू भिडला पाहिजे.

सुरूबन

मनापासून आभार. गणित डोळ्यांसमोर आलं. लिथियमच्या दोन घेतो. आता तीन शंका. ट्रेलरचा जुना २३० व्होल्टचा चार्जर आहे, तो चालेल का? गाडीच्या बॅटरीतून थेट वायर आणली तर डीसी-डीसी चार्जरचे पैसे वाचतील का? आणि पावसाळ्यात चार महिने बॅटरी कशी ठेवायची?

वायरमन_रत्नागिरी

जुना चार्जर: त्यावर लिथियमचा पर्याय नसेल तर काढून टाका. लेड-ॲसिडचे काही चार्जर अधूनमधून १५ व्होल्टच्या वर नेऊन ‘इक्वलाइज’ करतात. लिथियमला १४.२ ते १४.६ व्होल्ट, त्यावर नाही. त्याच्या वर गेलं की बॅटरीच्या आतलं बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) संरक्षणासाठी जोड तोडतं. सोलर कंट्रोलरलाही हेच सेटिंग, तापमान-भरपाई बंद, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज) १३.५.

थेट वायर: नको. याला दोन कारणं आहेत. लिथियमचा आतला रोध फार कमी, ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते. माणगाव-इंदापूरच्या रांगेत इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि भार मात्र पूर्ण, वाइंडिंग जळतं. त्यातच बीएमएसने अचानक जोड तोडला तर व्होल्टेजचा झटका बसून अल्टरनेटरचे डायोड जातात. दुसरं, बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर डिझेल वाचवायला मध्येच व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरवतो. त्यावर लिथियम भरणारच नाही. डीसी-डीसी चार्जर आत येणारा प्रवाह बांधून ठेवतो आणि व्होल्टेज उचलून देतो. तो बॅटरीजवळ, म्हणजे ट्रेलरमध्ये बसवा. चालू-बंद होण्यासाठी इग्निशनची तार द्या, नाहीतर गाडी उभी असताना तिची बॅटरी उतरवेल.

३० अँपिअर बाहेर देताना तो गाडीकडून ३६ च्या आसपास ओढतो. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत ७ मीटर, जाऊन-येऊन १४. वायर ६ चौरस मिमी घेतलीत तर वाटेत जवळजवळ दीड व्होल्ट गळतात. १६ घेतलीत तर अर्धा. १६ च घ्या, निगेटिव्हलाही तेवढीच. हुकमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, गंजलेल्या बॉलमधून ३६ अँपिअर धड जात नाहीत. गाडीच्या बॅटरीपाशी ६० अँपिअरचा फ्यूज आणि चार्जरच्या अलीकडे आणखी एक.

दोन्ही लिथियम एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या. जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, नाहीतर जोडताक्षणी भरलेली रिकामीत ओतते आणि बीएमएस जोड तोडतं. समांतर जोडून पॉझिटिव्ह एकीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे भार सारखा वाटला जातो. प्रत्येकीच्या पॉझिटिव्हवर १२५ अँपिअरचा फ्यूज, टर्मिनलवरच बसणारा एमआरबीएफ किंवा क्लास-टी. साधा पट्टीचा स्वस्त फ्यूज नको. लिथियम शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सोडते, अशा फ्यूजमध्ये तार वितळूनही ठिणगीचा पूल तसाच राहतो. इन्व्हर्टरची वायर ३५ चौरस मिमी, दीड मीटरच्या आत.

खरेदी करताना विचारा: बीएमएस सलग किती अँपिअर देतं आणि तीन सेकंदांना किती. १०० आणि २०० च्या खाली असेल तर मिक्सरला अडखळेल. ‘रिक्षाच्या पॅकमधले सेल बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

व्होल्टमीटरवर विसंबू नका. ४० टक्के असो वा ७०, लिथियम १३.१-१३.३ व्होल्टच दाखवते. शंट (निगेटिव्हच्या वाटेत बसवलेला, प्रवाह मोजणारा तुकडा) लावलेला बॅटरी मॉनिटर बसवा, आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास तोच मोजतो. एकही भार शंटला वळसा घालून थेट निगेटिव्हला जोडू नका, हिशोब चुकेल.

खारा_वारा

पावसाळ्याचं. रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवा चार महिने ओली. मे अखेरीस बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणा, पूर्ण भरून ठेवू नका. आधी सोलर पॅनेलची वायर काढा, मग बॅटरीकडची. हा क्रम उलटा करू नका, कंट्रोलर जाऊ शकतो. नंतर निगेटिव्ह सोडवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, मॉनिटर आणि गॅस अलार्म बारीक बारीक खात राहतात, चार महिन्यांत बॅटरी पार रिकामी होऊन बीएमएस झोपी जातं आणि मग साधा चार्जर तिला ओळखतच नाही. बॅटरी घरात, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. एकेक १२ किलोची, एकटा माणूस उचलतो. गणपतीच्या सुमारास मॉनिटर जोडण्याऐवजी मीटरने व्होल्टेज बघा, १३ च्या खाली गेलं असेल तर तासभर चार्ज.

लेड-ॲसिडवाल्यांना उलट नियम: पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरायची.

सुरूबन

लिहून घेतलं सगळं. शेवटचं एक: गाडी-ट्रेलरमधला सात पिनांचा प्लग आधीच आहे. चार्जिंगची वायर त्याच्यातून नेता येईल का?

वायरमन_रत्नागिरी

नाही. त्या पिना ब्रेकलाईट आणि इंडिकेटरच्या, त्यातली वायर दीड-अडीच चौरस मिमीची. ३६ अँपिअरला प्लॅस्टिक वितळतं. चार्जिंगला वेगळा अँडरसन प्लग (जास्त अँपिअर झेपणारा दोन वायरींचा प्लग) लावा. १६ ची वायर ५० अँपिअरच्या प्लगच्या कॉन्टॅक्टमध्ये सहज शिरत नाही, लोक चार तारा कापून बसवतात. तसं करू नका, १२० अँपिअरचा घ्या. दोन्ही बाजूंना रबरी झाकण, आणि गाडीकडचा प्लग बंपरखाली तोंड खाली करून बसवा, म्हणजे फेरीबोटीच्या रॅम्पवर उडालेलं खारं पाणी आत साठणार नाही, निथळून जाईल.