भिंतीखालची भिंत रोमन आहे हे कसं ओळखतात?

ताऱ्याचापायथा (सातारा): भाचा इंग्लंडात यॉर्कला शिकतो. काल व्हिडिओ कॉलवर त्याने तिथला तट दाखवला. अजिंक्यताऱ्याखाली वाढलोय, त्यामुळे तट-बुरूज दिसला की मी आधी दगडाची घडण बघतो. तो म्हणाला, "मामा, वरचा तट मध्ययुगातला, पण पोटात रोमन छावणीचा तट आहे." हे कळलं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

कृष्णाकाठची (सांगली): दादा, मी तिथे तीन वर्षं होते. म्युझियम गार्डन्समधला बहुकोनी बुरूज भाच्याला जवळून बघायला सांगा. खाली लहान, एकसारखे घडवलेले चुनखडीचे दगड, मधे भाजक्या लाल विटांचा पट्टा. तेवढा भाग रोमन. वर एकदम मोठे दगड लागतात, ते १३व्या शतकातले. मी त्या सांध्याखाली कितीतरी वेळ उभी राहिले होते.

खापरवेडा: बुरुजावर ते डोळ्यांनी दिसतं, बाकी ठिकाणी खणावं लागतं. तटाच्या बांधाला आडवा चर घेतला की मातीचे थर उभ्या छेदात दिसतात. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. एखाद्या थरात १२व्या शतकाचं खापर निघालं, तर तो थर त्याच्या आधी पडलेला नसणार.

रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने (मोठ्या पलटणीने) इ.स. ७१ च्या सुमारास छावणी वसवली तेव्हा तट दगडी नव्हताच. तळाला लाकडं अंथरून त्यावर माती आणि गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचा बांध, पुढे खंदक. दगडी काम नंतरचं. किंग्ज स्क्वेअरजवळ सापडलेला रोमन सम्राट ट्राजनचा शिलालेख १०७-०८ सालचा आहे. म्हणजे दगडावर तारीखही मिळते, नशीब असेल तर! पुढच्या शतकांत या तटावर मातीचे थर चढत गेले आणि त्या बांधावर मध्ययुगीन तट उभा राहिला. ऑल्डवर्क या रस्त्याजवळचा तटाचा कोपरा उघडा केलाय. तिथे रोमन भिंत सुमारे ५ मीटर उभी आहे.

ताऱ्याचापायथा: म्हणजे गाडली गेली म्हणूनच टिकली! वाचून पोटात कालवलं. आमच्या आजोळच्या गढीची पडकी भिंत रस्त्याच्या कामात जेसीबीने एका दुपारात उपसली. मी तिथेच उभा होतो. मातीत काळा थर, खाली राख, खापरं निघत होती आणि डंपर भरून जात होते. भांड्याच्या काठाचा एक तुकडा मी खिशात घातला होता, अजून कपाटात आहे. खापरवेडा, फोटो टाकला तर बघाल का?

खापरवेडा: जरूर टाका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि मोडलेली कडही दिसू द्या.