शब्दचर्चा : टाक्याभोवती उरतं त्याला काय म्हणायचं?

रांगावाला :
घाटंजीकडच्या एका गावात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. शिकायला येणाऱ्या पोरांसाठी मराठीत वही लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो. रांगा (सोल्डर) वितळवून टाका मारल्यावर भोवती फ्लक्सचं, म्हणजे रांगा नीट पसरावा म्हणून लावतात त्या मसाल्याचं, पिवळं-तपकिरी जे उरतं, त्याला काय लिहू? ‘फ्लक्सचे अवशेष’ लिहिलं, तर पोरगा म्हणतो, “काका, अवशेष तं देवळाचे असतात ना!”

मागच्या श्रावणात याच घाणीनं मला दोन दिवस नाचवलं. एका आजोबांचा जुना एफएम रेडिओ होता. स्टेशन ठरवणाऱ्या ऑसिलेटरच्या कॉइलचा पाय सुटलेला. डबीतली फ्लक्सची पेस्ट लावून रांगा दिला, टाका चकचकीत बसला. आकाशवाणी लागली, पण पट्टीवर बोटभर बाजूला. ऊन पडलं की थोडी इकडे, झड लागली की तिकडे. कॉइल बदलली, ट्रिमर (स्टेशन जुळवायचा छोटा कपॅसिटर) बदलला, काही फरक नाही. शेवटी भिंग लावलं, तर कॉइलच्या दोन पायांमध्ये पेस्टचा मधासारखा पूल, त्यात धूळ रुतलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासलं. स्टेशन जागेवर.

शब्दखोर :
आधी फ्लक्सचंच बघू. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘वाहणं’, म्हणून पारिभाषिक मराठीत ‘अभिवाह’. पण चुंबकाच्या फ्लक्सलाही तोच शब्द, त्यामुळे पोरं गोंधळणार. आपले जुने कारागीर गुणाचं नाव घेतच नसत, वस्तूचं घेत. कल्हईवाल्याचा नवसागर, सोनाराची सवागी. दोन्हींचं काम एकच, धातूवरची गंजाची पापुद्री काढायची म्हणजे डाक (सोल्डर) नीट पसरतो. त्या हिशेबानं तुमच्या सोल्डर वायरच्या पोटात असते ती राळ. टाका मारणं म्हणजे झाळणं, मग उरतं ते ‘झाळमळ’ म्हणा. धातू गाळताना निघते त्या धातुमळीसारखं.

रांगावाला :
झाळमळ कानाला बरा आहे. पण दुकानात कोणी बोलणार नाही.

कपाशीवाली :
दादा, शब्द तं वावरात पडून आहे. कपाशीवर मावा, पांढरी माशी आली का पानावर चिकटा पडते. बोट लावलं का चिपकते. पह्यल्यांदा नुसता चकचकीत दिसते, मंग त्याच्यावर काळी बुरशी चढते. तुमच्या पेस्टचं बी तसंच दिसते मले. चिकटा म्हना, सोपं.

अँटेनावाला :
ताई, पेस्टला चिकटा अगदी चपखल. ती ओल धरते, आणि ओल्या चिकट्यातून थोडा करंटही झिरपतो. नळकामाच्या काही पेस्टमध्ये तर झिंक क्लोराइड असतं, ते हळूहळू तांबं खातं. पण वायरमधली राळ थंड झाली की काचेसारखी कडक होते, चिकटत नाही. तिला मी ‘पूट’ म्हणेन. करंट झिरपला नाही तरी ते पूट हवेची जागा घेतं, आणि राळेचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विजेचा भार साठवायला मदत करायचा गुण, हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणजे दोन पायांमध्ये फुकटचा कपॅसिटर, भार साठवणारा.

तो किती? समजा एक पिकोफॅरड (कपॅसिटर मोजायचं बारीक माप). घरच्या ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३०० कोटी ओहमच्या वर, म्हणजे तो नसल्यासारखाच. १०० मेगाहर्ट्झला उरतात साधारण १,६०० ओहम. डिशच्या एलएनबीत (तिच्या तोंडाशी सिग्नल पकडतो तो डबा) १० गीगाहर्ट्झला फक्त १६! आजोबांच्या रेडिओत ट्यूनिंगला सगळे मिळून २० पिकोफॅरड धरले आणि पेस्टच्या चिकट्यानंही असेच ०.२ वाढवले, तर १०० मेगाहर्ट्झजवळचं स्टेशन अर्ध्या मेगाहर्ट्झनं सरकणार. झड लागली की आणखी.

शब्दखोर :
मग वायरच्या रिळावर ‘नो-क्लीन’ लिहितात ते?

अँटेनावाला :
तिथं भाषांतरच घात करतं. लोक ‘साफ करू नका’ असा अर्थ घेतात. खरा अर्थ ‘साफ केलं नाही तरी गंजणार नाही’. तेही टाका नीट तापला असेल तर. स्टेशन सरकणार नाही असं त्यात कोणीच लिहिलेलं नाही.

रांगावाला :
हे पटलं. वहीत दोन नोंदी केल्या. चिकटा : पेस्टचा, ओल धरणारा, त्याच दिवशी धुवायचा. पूट : राळेचं, कडक. साध्या बोर्डावर चालतं, कॉइल आणि एलएनबीजवळ अजिबात नको. थिनरनं धुवू नका हेही लिहिलं, त्यानं पॉलिस्टायरीनचा कपॅसिटर विरघळतो. (माझा विरघळला आहे.)

एक राहिलं. पोरं अल्कोहोल कंजूषपणे वापरतात, अर्धवट पुसतात. मग वाळल्यावर बोर्डावर पांढरी भुकटी दिसते. तिला काय?

कपाशीवाली :
कपाशीवर पिठ्या ढेकूण आला का पीठ सांडल्यावानी पांढरं-पांढरं दिसते. लिहा पिठ्या.

रांगावाला :
लिहिला.